पाटकरी आबांचा पंचनामा

"बाई, तुमाला पाणी किती लागतं?"

वडीगोद्रीत खोली बघायला गेले, तेव्हा लिंबाजी आबांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, मिस्टर कुठं असतात ते नाही. त्याआधी पाच घरमालकांनी हे सगळं विचारून माझं डोकं उठवलं होतं. शाळेवर बदली होऊन आले होते, एकटी होते, त्यामुळे माझा पारा चढलेलाच होता. या एका प्रश्नाने तो खाली आला. म्हटलं, "दोन हंडे आणि एक बादली." आबांनी खिशातून पाठकोऱ्या कागदांची वही काढली, कानावरची पेन्सिल काढली आणि लिहून घेत म्हणाले, "सकाळी सा ते साडेसा तुमची पाळी. पाळी चुकली की मंग दुसऱ्या दिवशीच पाळी."

"आवो!" आतून त्यांच्या बायको, गयाबाई, कडाडल्या. "मास्तरीणबाईला पाळी पाळी काय लावून राह्यले? बारी म्हना, बारी!"

"बराबर," म्हणत आबांनी ते खोडलं आणि वर 'बारी' लिहिलं. चूक दाखवली की जागच्या जागी कबूल करायची, हा त्यांचा गुण. ती त्यांना दिसली पाहिजे, एवढीच काय ती अडचण असायची.

आबा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. कालव्याचं पाणी गेट उघडून चारीत, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटात, सोडायचं, चारीतून ज्याच्या-त्याच्या वावरात ज्याच्या-त्याच्या वेळेला पोचवायचं, चोरून घेतलं तर पंचनामा करायचा, हे काम तीस वर्षं केलेलं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, पण माणूस रिटायर होतो, सवयी कुठं होतात? गळ्यात शिटी होतीच. अंगाने तुराटीसारखे वाळके, धोतर, टोपी, हातात काठी. अंगणातून चालताना मधून कधी चालायचे नाहीत. कडेकडेने, एका पायासमोर दुसरा पाय टाकत, पाटाच्या भरावावरून चालल्यासारखे चालायचे. मी एकदा विचारलं, "आबा, अंगण एवढं मोकळं आहे, मधून या ना." तर म्हणाले, "मधी पाणी आसतंय, बाई." अंगणात थेंब नव्हता.

त्यांचा एक कायदा होता: आधी टेलला. कालव्याच्या तोंडाशी ज्याचं वावर, त्याला पाणी आपोआप मिळतं. शेपटाकडचा बिचारा वाटच बघत बसतो. आबांच्या चारीवर पाणी आधी शेपटाला जायचं आणि मग उलटं वर यायचं. "तोंडाचा मानूस बोंबलू शकतो," ते म्हणायचे, "टेलच्याची बोंब आयकू बी येत न्हाई." घरातही हाच कायदा. जेवायला सगळे बसले की पहिली गरम भाकर धाकट्या सुनेच्या ताटात पडायची आणि शेवटची आबांच्या. ही गोष्ट गावभर झाली होती आणि गावातल्या एकाही सासूला ती पसंत नव्हती.

त्यांच्या सरळपणाची एक गोष्ट गयाबाई दर दोन महिन्यांनी मला नव्याने सांगायच्या, दर वेळी नव्या रागाने. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आबा सासुरवाडीला गेले, मटणाचं जेवण झालं, सासऱ्यांनी नवा शर्ट दिला. जेवून हात धुवायला मागे गेले तर चारीत खुपसलेला रबरी पाइप दिसला. चोरून पाणी. सासऱ्यांचंच. आबांनी हात पुसले, वही काढली, तिथल्या तिथे पंचनामा केला आणि पंच म्हणून सही कोणाची घेतली, तर सासूबाईंची. "आन् अंगात माझ्या बापाचा शर्ट!" गयाबाई म्हणायच्या. आबा शांतपणे म्हणायचे, "जेवण येगळं, पंचनामा येगळा."

या घरात कॉम्प्युटर आला तो दोन हजार सालानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी. आबांना दोन मुलगे. थोरला अंकुश, त्याचं हायवेवर खताबियाण्यांचं दुकान. धाकटा परमेश्वर मस्कतला क्रेन चालवायचा. त्याची बायको रेखा इथंच. लग्न झाल्यावर सहा महिन्यांत तो गेला होता, दोन सालांच्या करारावर. त्यानेच कॉम्प्युटरला पैसे पाठवले. रेखाशी पत्राने बोलायचं तर पत्राला वीस दिवस लागायचे. रविवारी फोन यायचा, पण फोन बैठकीत, आणि फोन आला की सगळं घर भोवती उभं. आबा घड्याळ लावून प्रत्येकाला दोन मिनिटं द्यायचे. आधी टेलला, म्हणून पहिली बारी रेखाची. ती पदर सारखा करून म्हणायची, "हां. बरी हाय. तुमी? बरं." मग दोन मिनिटं संपेपर्यंत रिसीव्हर कानाला धरून नुसती उभी. दोन वर्षांत नवराबायको याच्यापुढे गेली नव्हती. मला ते बघवायचं नाही.

कॉम्प्युटर बसवायला जालन्याहून शफीभाई आले. चाळिशीचा, शांत माणूस. आबांनी नारळ फोडला आणि सांगितलं, "दोन खाती करा. एक अंकुशचं, एक रेखाचं. सुनेनं मोठ्या दिराच्या खात्यात बसू न्हाई." माझ्या खोलीच्या खिडकीतून बैठकीचं दारही दिसायचं आणि तिच्या खिडकीतून आतलंही; त्या दिवशी तर मी दारातच उभी होते. शफीभाईंनी दोन खाती केली. अंकुशच्या नावापुढे त्याचा दुकानाच्या उद्घाटनाचा टिळा लावलेला फोटो टाकला. रेखाचा फोटो लावायचा कसा, म्हणून तिच्या नावापुढे कॉम्प्युटरमध्येच असलेलं एक पिवळं बदक ठेवलं. दोघांच्या खात्यांना कुलूप लावलं, म्हणजे पासवर्ड. "आबा, तुमचं?" "माझं वावर न्हाई, मला खातं कामून?"

मग इंटरनेटचं जोडायला घेतलं तेव्हा शफीभाईंनी विचारलं, "आबा, हे कनेक्शन एकाच्याच नावावर करू, का सब के लिये?"

आता इथं नीट लक्ष द्या, कारण आमच्यापैकी कोणी दिलं नाही. आबा ताठ झाले. तीस वर्षांच्या अनुभवाने म्हणाले, "शफीभाई, पान्याचा अर्ज एकाच्याच नावानं आसतो. समद्यांच्या नावानं सोडलं की कोनालाच मिळत न्हाई. अंकुशच्या नावावर करा."

"पक्का?"

"बिलकुल पक्का."

शफीभाईंनी केलं, रेखाच्या नावाने ईमेलचा पत्ताही काढून दिला, आणि रविवारी तो परमेश्वरला फोनवर कळवला गेला. कोणाच्या मनात काही आलं नाही. मी तर शाबासकी द्यायच्या बेतात होते.

अंकुशने त्याच्या खात्यातून फोन लावला की मोडेम किंचाळायचं. आबा कान देऊन ऐकायचे आणि समाधानाने म्हणायचे, "आलं पाणी." मग अंकुश खातं बंद करायचा आणि रेखा बसायची. बसायची म्हणजे काय, आधी वेगळीच गंमत. यंत्र सुरू झालं की पडद्यावर दोन नावं यायची, वर अंकुशचा टिळा लावलेला चेहरा, खाली बदक. मोठे दीर समोर दिसले की डोक्यावर पदर घ्यायचा, हे रेखाच्या हाडात भिनलेलं. ती फोटो बघून पटकन पदर घ्यायची, मान खाली घालायची, आणि मान खाली असल्यामुळे तिला बदक सापडायचं नाही. मी ओरडायचे, "अगं, तो फोटो आहे!" ती म्हणायची, "म्हाइती हाय बाई, पर हात आपोआप जातो."

बदकावर टिचकी मारून ती आपल्या खात्यात शिरायची आणि तिथं सगळं कोरडं. मोडेम गप्प. पडद्यावर पांढरं पान आणि पान दाखवता येत नाही अशी इंग्रजी तक्रार. पुन्हा अंकुशच्या खात्यात गेलं की बदाबदा चालू.

आबा खवळले. त्यांच्या घरात, त्यांच्या डोळ्यांदेखत, टेलच्या खातेदाराचं पाणी कोणीतरी अडवत होतं.

दुसऱ्या दिवसापासून चौकशी बसली. आबा म्हणाले, बारा कुठं फुटला, म्हणजे पाणी वाटेत कुठं निसटलं, ते बघायचं तर मुखापासून निघायचं. ते काठी घेऊन रस्त्यावरच्या टेलिफोनच्या खांबापासून निघाले. तारेखालून चालत चालत अंगणात, अंगणातून भिंतीवर, भिंतीवरून बैठकीत. दर हातभर अंतरावर खडूने खूण. मग पाट मांडून कॉम्प्युटरसमोर बसले आणि बोटं मोडत हिशोब केला: "मुखाला पाणी हाय. चारीला हाय. अंकुशच्या वावरात हाय. रेखाच्या न्हाई. म्हंजी आडवनारा ह्या दोघांच्या मधीच कुठंतरी बसला हाय." पुढे मी कॉम्प्युटरच्या क्लासला गेले तेव्हा मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात हीच रीत फळ्यावर लिहून दाखवली. म्हणजे आबांची रीत शंभर टक्के बरोबर होती. फक्त अडवणारा समोर बसून बोटं मोडत होता.

पहिला संशय थोरल्या सुनेवर, मंदावर. ती रोज कॉम्प्युटरवरची धूळ पुसायची. आबांनी तिचा जबाब घेतला. "पुसताना काई हाललं का?" मंदा म्हणाली, "मामा, पुसल्यावर हालनारच." हे आबांनी जबाबात लिहिलं आणि तिची सही घेतली. मंदा दोन दिवस फणफणत होती. भांडी अशी आपटायची की माझ्या खोलीतल्या कपबशा वाजायच्या. दुसरा संशय भिंतीवरच्या पालीवर. तिसरा माझ्यावर, कारण माझ्या खोलीतला पंखा त्याच बटणाच्या पाटीवरून चालायचा. मीही जबाब दिला. चिडूनच दिला. त्यांनी माझं चिडणंही लिहून घेतलं: "जबाब देणार बाई रागात होत्या, पण खरं बोलल्या."

मग पाणी मागणीचा अर्ज. कालव्याचं पाणी हवं तर शेतकऱ्याला सात नंबरचा फॉर्म भरावा लागतो. आबांकडे जुन्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता. त्यांनी रेखाला तो भरायला लावला. पिकाचे नाव: पत्रव्यवहार. क्षेत्र: एक कॉम्प्युटर. फॉर्मवर शिक्का मारून त्यांनी तो यंत्राच्या डब्यावर चिकटवला आणि पुढचे आठ दिवस वाट बघितली. मी विचारलं, "आबा, कॉम्प्युटर वाचणार आहे का तो?" ते म्हणाले, "बाई, अर्ज कोनीच वाचत न्हाई. पर अर्जाबिगर मागणी कशी?"

एवढं सगळं होऊनही शफीभाईंना बोलवायचं नाही. "चोर घरातला हाय. बाहेरचा मानूस कामून?"

असा दीड महिना गेला. मग एका दुपारी अंकुशच्या दुकानावर खताचा ट्रक आला. निरोप आला तसा तो खातं बंद न करता तसाच पळाला. रेखा काही तरी लिहायची प्रॅक्टिस करावी म्हणून बसली. तिने पदर घेतला, बदक दाबलं, आणि ओरडली, "बाई! बाई, चालू झालं!"

मी तशीच धावले. पडद्यावर परमेश्वरचं पत्र. एक नाही, नऊ पत्रं. हा माणूस दीड महिना तिच्या खात्यावर लिहीत होता आणि उत्तर येत नाही, फोनवर सगळ्यांसमोर विचारवत नाही, म्हणून आणखी लिहीत होता. शेवटचं चार दिवसांपूर्वीचं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं, ते रेखाने मला हळू आवाजात वाचून दाखवलं: मालक विचारतोय, आणखी दोन साल थांबतो का. महिनाअखेरला सांगायचं. आबाला, दादाला काय वाटतं ते मला दर रविवारी कळतं. तुला काय वाटतं ते कोणी सांगत नाही. तू सांग. तू म्हणशील तसं करीन. फक्त तू स्वतः लिही.

तिने ते दोनदा वाचलं. घरात कोणाला काय वाटतं ते जगजाहीर होतं. दर रविवारी फोनवर आबा एकच सांगायचे, "घाई करू नको. थांब. वरचा मजला चढू दे." अंकुश तेच सांगायचा, गयाबाई तेच. वरच्या मजल्याच्या विटा अंगणात येऊन पडल्या होत्या. रेखाने ओझरतं माझ्याकडे बघितलं आणि टाइप करायला बोट उचललं.

तेवढ्यात कडेकडेने आबा आले. "हे कसं चालू झालं?" त्यांनी पडद्यावर वाचलं नाही, दुसऱ्याचं वाचायचे नाहीत ते. चौकशी केली, अंकुश बंद न करता गेला हे त्यांना कळलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "झिरपा! शेजारच्या वावरात पाणी भरलं की आपल्यात झिरपतं, तसं. रेखा, उठ."

"मामा, येकच मिनिट..."

"झिरप्याच्या पान्यावर पीक घेऊ न्हाई, पोरी. त्याच्यावर हक्क लागत न्हाई. तुझं हक्काचं पाणी म्या तुला देतो. आठ दिवसांत. जबान हाय माझी." आणि बटण दाबून त्यांनी यंत्र बंद केलं. वर अंकुशला सक्त ताकीद दिली, यापुढे गेट बंद केल्याशिवाय हलायचं नाही.

मला किंचाळावंसं वाटलं. एवढा भला माणूस आणि एवढा आडमुठा! रेखा न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. महिना संपायला अकरा दिवस होते.

मी म्हटलं, "चल, अंबडला कॅफे आहे. माझ्यासोबत चल, तिथून लिही." ती म्हणाली, "घरात कम्प्यूटर आसताना बाहेर जाऊन चोरून लिहू? म्या काय चोरी करून राह्यले का, बाई? आन् दिराच्या खात्यात, दिराच्या शेजारी बसून 'या' म्हनून लिहायचं? मी न्हाई लिहिनार." तिचं बरोबर होतं. फोनवर तर सगळं घर उभं. तिचं स्वतःचं एक वाक्य तिला स्वतःच्या हाताने पाठवायचं होतं, आणि त्यासाठी या घरात एकच जागा होती, तीही कोरडी.

आबांनी जबान पाळण्यासाठी जंग जंग पछाडलं. टेलिफोनची तार धुतली. कॉम्प्युटर अंगणात आणून पश्चिमेला तोंड करून लावला, कारण कालव्याचं पाणी त्या बाजूने येतं. आठ दिवस झाले. नवव्या दिवशी सकाळी मी त्यांना ओट्यावर नुसतं बसलेलं पाहिलं, पहिल्यांदाच, कारण एरवी ते सतत कशाच्या तरी मागे असायचे. म्हणाले, "तीस सालांत येक खातेदार कोरडा ठेवला न्हाई, बाई. आन् आता घरातलीच."

माझं डोकं फिरलं. मी सरळ आत गेले आणि कोणाला न विचारता शफीभाईंना फोन लावला.

ते दुपारी आले. दोन मिनिटं बघितलं आणि हसायला लागले. "आबा, काही खराब नाही. कनेक्शन एकट्या अंकुशभाऊच्या नावावर आहे, तर दुसऱ्याला दिसणार कसं? मैंने पूछा था ना? तुम्हीच बोललात. पक्का म्हणालात."

बैठकीत सगळे होते. गयाबाई, अंकुश, मंदा, दाराआड रेखा. मंदाने "मंग!" असा एकच शब्द उच्चारला, पण दीड महिन्याचा राग त्यात आला. शफीभाईंनी नवीन कनेक्शन सगळ्यांच्या नावाने केलं, बदकात जाऊन दाखवलं, मोडेम किंचाळलं. तरी आबा उभेच. मग त्यांनी वही काढली.

"आवो, झालं ना आता," गयाबाई म्हणाल्या.

"झालं कसं? पाणी आडवलं हाय. पंचनामा नगं?"

आणि त्यांनी स्वतःवर पंचनामा केला. उभं राहून, मोठ्याने म्हणत, लिहीत गेले. पंच शफीभाई आणि मी. तो कागद माझ्या सहीचा, म्हणून मला पाठ आहे. "पाणी अडवणारा इसम: लिंबाजी, धंदा सेवानिवृत्त पाटकरी. अडवल्याचे ठिकाण: राहते घर. नुकसान झालेला खातेदार: सौ. रेखा, टेल. अडवण्याचे साधन: तोंड. कारण: अतिशहाणपणा. इसमास विचारले असता गुन्हा कबूल." शफीभाईंना सही करताना हसू आवरत नव्हतं. अंकुश म्हणाला, "आबा, लोक हासतील." आबा म्हणाले, "हासू दे. तुझ्या आईच्या बापाला बी हासले व्हते." शिक्षा म्हणून त्यांनी चार रविवार फोनवरची आपली बारी बंद केली. आणि रेखाच्या नावाने भरपाई म्हणून एक तास मंजूर केला, तो तिथल्या तिथे, चार ते पाच.

मग शिटी वाजवून त्यांनी सगळ्यांना बैठकीबाहेर काढलं. रेखाला आत बसवलं, दार ओढून घेतलं, आणि दारासमोर खुर्ची टाकून, काठी आडवी मांडीवर धरून बसले. अंकुशची चप्पल आत राहिली होती, त्याला सोडलं नाही. पोस्टमन आला, त्याला ओट्यावरून परत पाठवला. गयाबाई दोनदा पाणी प्यायच्या निमित्ताने आल्या, दोन्हीदा परतवल्या. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "एवढं काय लिहून राह्यली ती? इचारा तरी!"

आबा म्हणाले, "गेट उघडून देनं आपलं काम. पाणी वावरात गेल्यावर कोन्त्या सरीला गेलं, हे पाटकऱ्यानं इचारायचं नसतं."

गयाबाई गेल्या. अंकुश अनवाणीच दुकानावर गेला. मी खिडकीशी भाजी निवडत बसले होते. खरं सांगायचं तर भाजी निवडून केव्हाच झाली होती. ती 'या' लिहिणार हे मला माहीत होतं, आणि परवा रविवारी फोनवर ते कळलं की घरात काय होईल याचा अंदाज येत नव्हता. अंगणात विटांचा ढीग होता.

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. रेखा बाहेर आली. आबा उठले, पण काही विचारलं नाही. ती जायला निघाली, थांबली, आणि पदराचं टोक मुठीत धरून म्हणाली, "मामा, म्या त्यास्नी 'या' म्हनून लिहिलं. मजला न्हाई चढला तर न चढू दे. तुमाला राग आला तर मला बोला, त्यास्नी नका बोलू."

एका दमात म्हणाली. दोन वर्षांत या घरातल्या कोणाशी तिला एवढं लांब बोलताना मी ऐकलं नव्हतं.

आबांनी आधी अंगणाकडे बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. कोणी नाही असं बघून, खूप हळू आवाजात विचारलं, "तुझी बारी आजून किती उरली?"

"वीस मिनिटं हायेत."

कालव्यावर उसनी बारी देणं-घेणं म्हणजे सगळ्यात मोठा गुन्हा. आपल्या वेळेचं पाणी दुसऱ्याला दिलं तर दोघांचीही पुढची बारी जायची. या एका गोष्टीवरून आबांनी सख्ख्या भावाभावांवर पंचनामे केले होते, हे गावात कोणीही सांगेल. त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"पाच मिनिटं मला उसनी देती का, पोरी?" ते म्हणाले. "मलाबी त्याला तेच लिहायचंय. दोन साल झाले लिहायचंय. पर रविवारी समदे हुभे ऱ्हात्यात, आन् तोंडातून 'थांब'च निघतं."

रेखाने दार उघडून धरलं. "मी लिहून देऊ का?" तिने विचारलं, तर आबांनी नाही म्हणून मान हलवली. इंग्रजी अक्षरं त्यांना हायवेवरच्या गाड्यांच्या नंबरांवरून ओळखता येत होती, तेवढी पुरे, म्हणाले.

ती बाहेर आली, दार ओढून घेतलं, आणि सासऱ्यांच्या खुर्चीत बसली. सासऱ्यांच्या खुर्चीत! गयाबाई हात पुसत आल्या आणि बघतच राहिल्या. "आगं, हे कुठं गेले?"

"आत हायेत," रेखा म्हणाली. "त्यांचं होऊस्तोवर कोनी आत जायाचं न्हाई, आत्याबाई. तुमी बी न्हाई."

आणि गयाबाई खरोखर थांबल्या.

पुढच्याच महिन्यात माझी बदली आष्टीला झाली. त्या मधल्या दिवसांत आबा मला रोज दिसले असणार, निघताना त्यांना नमस्कारही केला असणार, पण ते काही आठवत नाही. मला आठवतात ते त्या संध्याकाळचे, माझ्या खिडकीतून दिसलेले. पाच मिनिटांची पंचवीस होऊन गेली होती. टोपी काढून शेजारी ठेवलेली, पाठ वाकलेली. एका बोटाने ते एक एक अक्षर शोधत होते, सापडलं की जोरात दाबत होते, आणि मध्येच चष्मा काढून डोळे पुसत होते.